‘सौजन्य : इंटरनेट’ नावाचा फोटोग्राफर

माउली, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या दिंडीचं एक पेज आहे. यंदा प्रस्थानाच्या आदल्या दिवशी तुम्ही त्यावर दिवे घाटातल्या पालखीचा एक फोटो टाकला. कोपऱ्यातलं फोटोग्राफरचं नाव अभंगाच्या ओळीखाली येत होतं, म्हणून तेवढा भाग कापला आणि खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असं लिहिलं. दोन दिवसांनी त्या फोटोग्राफरचा मेसेज आला : फोटो काढून टाका, नाहीतर रिपोर्ट करतो. तुमचं म्हणणं, आम्ही यातून एक रुपया मिळवत नाही, सेवा म्हणून पेज चालवतो, सौजन्यही लिहिलं होतं, मग चुकलं काय? आणि शेवटी जरा रागानेच तुम्ही विचारलंय, माउलींच्या पालखीवर कुणाचा हक्क असतो का?

पालखीवर कुणाचाच नसतो. फोटोवर असतो.

मी २७ वर्षं हाच धंदा करतोय. सुरुवात फिल्मच्या रोलवर झाली, मग लग्नं, मग मासिकांची कामं, आणि दर ज्येष्ठात वारी. त्यामुळे हे उत्तर निःपक्षपाती नाही हे आधीच कबूल करतो. तरी तुमच्या रागात थोडं तथ्य आहे, त्याच्याकडे मी शेवटी येईन.

आधी तो फोटो कसा येतो ते सांगतो. पालखी पुण्यातून निघून हडपसरमार्गे दुपारी घाटाला लागते. वरच्या वळणावरची जागा मात्र सकाळीच धरावी लागते, कारण दहा वाजता आलेल्याला समोरच्याच्या छत्रीचा फोटो मिळतो. पाच-सहा तास त्या उतारावर बसायचं. पाऊस आला की आधी कॅमेऱ्यावर प्लास्टिक, मग स्वतःवर. खाली मस्तानी तलाव, समोर नागमोडी रस्ता, आणि हळूहळू तो रस्ता माणसांनी पांढरा होत जातो. घाट चढण्यासाठी रथाला जादा बैलजोड्या लावतात. त्या सगळ्या जोड्या आणि रथ एका वळणावर एकाच वेळी दिसतील असा क्षण फार तर अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात ढग सरकून उजेड पडला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी. मी स्वतः २३ वेळा त्या घाटात बसलोय. भिंतीवर लावावेत असे फोटो माझ्याकडे तिथले चार आहेत.

तुम्हाला तो फोटो ‘सापडला’, कारण कुणीतरी तो पाठवला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली गोष्ट रस्त्यावर पडलेल्या वस्तूसारखी वाटते, मालक दिसत नाही म्हणून मालक नाही असं वाटतं. त्यात भर म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फाईलच्या पोटात लिहिलेली माहिती, म्हणजे कॅमेरा, तारीख, काढणाऱ्याचं नाव, हे गळून पडतं. (डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं.) मग उरतं फक्त कोपऱ्यातलं दिसणारं नाव. आणि तेच तुम्ही कापलंत.

आता ‘सौजन्य’. सुजन माणसाचा भाव तो सौजन्य. ते देणाऱ्याने दाखवायचं असतं, घेणाऱ्याने परस्पर लिहून टाकायचं नसतं. पूर्वी दिवाळी अंकात ‘छायाचित्र सौजन्य’ म्हणून नाव छापलेलं असायचं, त्याचा अर्थ त्या माणसाने अल्बममधून फोटो काढून, पाकिटात घालून संपादकाकडे धाडलेला असे. इंटरनेटने तुम्हाला कुठलं पाकीट धाडलं? ‘सौजन्य : इंटरनेट’, ‘सौजन्य : गुगल’, ‘फोटो ज्याचा असेल त्याला श्रेय’ या सगळ्यांचा सरळ अर्थ एकच होतो : हा माझा नाही हे मला माहीत होतं, आणि कुणाचा ते शोधायचा मी कंटाळा केला. वकिलाच्या हातात दिलं तर ते तुमचंच कबुलीपत्र आहे.

नाव गेलं की काय होतं ते माझ्यावर गुदरलंय. काही वर्षांपूर्वी पालखीच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभ्या रिंगणात मला एक फोटो मिळाला. अश्व दोन रांगांमधून सुटलाय, टाप जमिनीपासून वर, आणि बाजूची एक म्हातारी त्या टापेखालची माती उचलायला आधीच वाकलेली. मी तो माझ्या पानावर टाकला, कोपऱ्यात बारीक नाव होतं. तीन दिवसांत तो महाराष्ट्रभर फिरला. नातेवाइकांनी मलाच पाठवला, ‘बघ काय फोटो आहे’ म्हणून. कोपरा केव्हाच उडाला होता. आषाढीच्या आदल्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला : डावीकडे माझा अश्व, उजवीकडे हात जोडलेले एक भाऊ, खाली शुभेच्छुकांचे अकरा पासपोर्ट फोटो. म्हातारी भाऊंच्या जाकिटाखाली गेली होती. प्रिंटिंगवाल्याकडे गेलो, तर तो भला माणूस म्हणाला, ‘साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅप केला, मी लावला.’ इथवर मला हसूच आलं होतं.

हसू पुढे थांबलं. वर्षभराने एका प्रकाशकाला कॅलेंडरसाठी वारीचे १२ फोटो हवे होते. मी माझे नेले, त्यात हा होता. संपादक म्हणाले, ‘अहो, हा तर इंटरनेटवरचा आहे. तुम्ही काढलाय कशावरून?’ माझ्याच फोटोसाठी मला घरी जाऊन जुनी हार्ड डिस्क लावून रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल, आणि त्याच्या आगेमागच्या ४० फ्रेम दाखवाव्या लागल्या. काम मिळालं, पण तो फोटो त्यांनी घेतला नाहीच. ‘फार फिरलेला आहे, लोकांना फुकटचा वाटेल,’ म्हणाले.

तुम्ही एक रुपयाही मिळवला नाहीत हे खरं आहे. पण आमच्या धंद्यात पुढचं काम मागच्या फोटोखालच्या नावावरून येतं. आमच्याकडे दुकानाची पाटी नसते, ते बारीक नाव हीच पाटी. ती काढून टाकणाऱ्याला काही मिळालं नाही, म्हणून पाटी गेलेल्याचं नुकसान कमी होत नाही.

नावाचं हे दुखणं जुनंच आहे. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते पतीच्या, माणेकशांच्या, नावाने. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. नंतर तरी नाव लागलं म्हणून आपण त्यांना ओळखतो. ज्यांचं कधीच लागलं नाही त्यांची यादी अर्थातच कुणाकडे नाही.

आता कायदा, थोडक्यात. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटो ही त्यात ‘कलाकृती’ आहे आणि काढणारा हा तिचा कर्ता. शटर दाबलं की हक्क तयार होतो. नोंदणी लागत नाही, गोलातलं ‘सी’ चिन्ह लागत नाही, वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर उमटवलेलं नाव, तेही लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. लोकमान्य टिळकांच्या काळात छापून आलेले फोटो तुम्ही खुशाल वापरा, त्यांची मुदत कधीच संपली. पण कालच्या वारीचा फोटो तुमच्या नातवाच्या काळातही मोकळा झालेला नसेल.

त्याच दुरुस्तीने ६५ ब हे कलम आलं आणि ते तुमच्या कात्रीला थेट लागू पडू शकतं : फोटोसोबतची, कर्त्याचं नाव-ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढून टाकणं हा वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणजे फोटो वापरणं ही एक गोष्ट, नाव कापणं ही दुसरी. हल्ली एआयच्या अ‍ॅपमध्ये बोट फिरवलं की वॉटरमार्क नाहीसा होतो, आणि पोरं ते कौतुकाने दाखवतात. त्यांना हे कलम सांगून ठेवा. नफा नसणं म्हणाल, तर विनापरवानगी वापराच्या कलम ६३ मध्ये धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं असं म्हटलंय. माफ होते असं म्हटलेलं नाही.

स्वतःपुरता वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना कायद्यात मोकळीक आहे. फोनचा वॉलपेपर म्हणून ठेवलात तर कुणी विचारायला येणार नाही. साडेचार हजार लोकांचं पेज मात्र ‘स्वतःपुरतं’ होत नाही.

तुमच्यासारखंच एक प्रकरण युरोपात अगदी वरपर्यंत गेलं होतं. जर्मनीतल्या एका शाळकरी मुलीने प्रकल्पासाठी स्पेनमधल्या कॉर्डोबा शहराचा फोटो एका प्रवासाच्या वेबसाईटवरून घेतला. खाली त्या वेबसाईटचं नावसुद्धा लिहिलं. शाळेने प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर टाकला. फोटोग्राफरने परवानगी दिली होती ती फक्त त्या प्रवासाच्या वेबसाईटला. ७ ऑगस्ट २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : एका ठिकाणी सगळ्यांना दिसतोय म्हणून तो उचलून दुसरीकडे चढवता येत नाही, नव्याने परवानगी हवी. लिंक देणं वेगळं, उचलून चढवणं वेगळं, हेही न्यायालयाने सांगितलं. तिथेही पैसा नव्हता, उलट शिक्षण होतं, आणि स्रोतही लिहिलेला होता. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण त्यातला विचार मला पटतो.

मोठ्यांनाही हे सुटत नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा डॅनियल मोरेल नावाच्या फोटोग्राफरने पोर्ट-ओ-प्रिन्समधले फोटो ट्विटरवरून जगाला दाखवले. एएफपी या वृत्तसंस्थेने ते उचलले, गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत ते जगभर गेले, तेही सुरुवातीला दुसऱ्याच माणसाच्या नावाने. युक्तिवाद असा होता की ट्विटरवर टाकले म्हणजे वापरायची मुभा आलीच. न्यायालयाला ते पटलं नाही, आणि २०१३ मध्ये ज्यूरीने १२ लाख डॉलरची भरपाई ठरवली. फेसबुक, इन्स्टावर खातं उघडताना आपण ज्या अटी मान्य करतो त्याने त्या कंपनीला फोटो दाखवायचा परवाना मिळतो. तिसऱ्या माणसाला तो उतरवून घ्यायचा परवाना त्यातून मिळत नाही.

आता आमच्याच लोकांना न आवडणारी गोष्ट. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये म्हटलंय की कुणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक फोटोग्राफर नव्हे, तो काढून घेणारा असतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो, कागदावर काही लिहिलेलं नसेल, तर तुमचे. कितीतरी फोटोग्राफर ‘माझ्या परवानगीशिवाय अल्बम टाकला कसा’ म्हणून नवऱ्याकडच्यांशी भांडतात आणि कायदा त्यांच्या बाजूने नसतो. मीही एकदा भांडलोय, नंतर वाचलं आणि गप्प बसलो. हक्क ठेवायचा असेल तर बुकिंगच्या वेळी लिहून घ्यावं. मात्र मालकी गेली तरी कर्तेपण जात नाही. कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याला देऊन टाकल्यावरही ‘हा मी काढलाय’ हे सांगायचा आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड रोखायचा अधिकार काढणाऱ्याकडे राहतो. तेव्हा लग्नाचे फोटो टाकताना नाव लिहा, आणि त्याने घासूनपुसून दिलेल्या रंगांवर गुलाबी फिल्टर चढवू नका. वधूची हळद जांभळी दिसते आणि शिव्या आम्हाला बसतात.

दिवे घाटातल्या फोटोचं असं नाही. तिथे त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पायाने गेला होता. तो फोटो सर्वस्वी त्याचा.

मग करायचं काय? सर्वांत सोपं म्हणजे त्याच्याच पोस्टवरचं शेअरचं बटण दाबायचं. फोटो त्याच्या पानावरच राहतो, नाव आपोआप जातं, त्याने उद्या काढून टाकला तर तुमच्याकडूनही जातो. स्क्रीनशॉट काढून पुन्हा चढवणं हे शेअर करणं नव्हे, आपण बोलताना दोन्हीला एकच शब्द वापरतो म्हणून घोळ होतो.

फोटो आपल्याच पेजवर हवा असेल तर विचारा. आणि नीट विचारा. ‘सर हा वापरू का’ एवढ्याने भागत नाही. कुठे वापरणार, किती दिवस, त्यावर अक्षरं टाकणार का, सोबत कुणाची जाहिरात आहे का, नाव कसं लिहायचं, हे पाच मुद्दे दोन ओळींत बसतात. माझ्यापुरतं सांगतो, दिंड्यांना, शाळांना, गावच्या स्मरणिकांना मी आजवर क्वचितच नाही म्हटलंय, आणि पैसेही घेतलेले नाहीत. त्यांना मी मोठी, वॉटरमार्क नसलेली फाईल पाठवतो, म्हणजे छपाई तरी बरी होते. हॉटेलवाला, बिल्डर, उमेदवार आला की दर सांगतो. उत्तर आलंच नाही तर? तर ते ‘नाही’ समजायचं. ‘मेसेज केला होता, त्यांनी पाहिलाच नाही’ ही परवानगी होत नाही.

कुणाचा आहे हेच माहीत नसेल तर गुगल लेन्समध्ये किंवा टिनआयवर (फोटोवरून फोटो शोधणाऱ्या सोयी) तो टाकून बघा. सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठ्या आकाराची प्रत जिथे सापडते, त्या दिशेला बहुधा मालक असतो. कोपरे तपासा : न कापलेली प्रत सापडली की नाव सापडतं. वारीच्या फोटोंसाठी तर माझी युक्ती याहून सोपी आहे, चार फोटोग्राफरना विचारा. त्या उतारावर शेजारी कोण बसलं होतं हे आम्हाला माहीत असतं. तरीही पत्ता लागला नाही तर तो फोटो सोडून द्या, दुसरा वापरा. विकिमीडिया कॉमन्स या संकेतस्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची मुभा देऊन ठेवलेले फोटो असतात, पण तेही ‘बेवारस’ नसतात. बहुतेकांत नाव, परवान्याचा उल्लेख, दुवा आणि बदल केला असल्यास तसं सांगणं ही अट असते. इतर ठिकाणी असे फोटो घेतलेत, तर त्यांतल्या काहींत धंद्यासाठी वापरायला मनाई असते. परवान्याची ती ओळ वाचायला अर्धं मिनिट लागतं.

अभंग फोटोवरच छापण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. फोटोतलं मोकळं आकाश ही तुमच्या मजकुरासाठी ठेवलेली जागा नसते. तो ढग आणण्यासाठी माणूस पाच तास बसलेला असतो. अभंग खाली कॅप्शनमध्ये लिहा, तिथे तो नीट वाचताही येतो.

आता तुमच्या रागातलं तथ्य. आम्ही हक्काच्या गप्पा मारतो, पण चांदोबाच्या लिंबाच्या त्या म्हातारीला मी विचारलं होतं का? नाही. तिचं नाव, गाव काहीच मला माहीत नाही. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला सहसा परवानगी लागत नाही हे मी तुम्हाला कायद्याच्या आवाजात सांगू शकतो, पण त्या वेळी माझा आवाज फ्लेक्सवाल्या भाऊंसारखाच लागतो हे मला ऐकू येतं. गेली काही वर्षं मी एक करतो : ज्याचा चेहरा ओळखू येईल असा जवळून काढलेला फोटो असेल, त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवतो, नाव-गाव विचारतो, चालेल का म्हणतो. जमलं तर प्रिंट पोचवतो. ओढ्यावर, टँकरखाली आंघोळ करणाऱ्या बायकांचे फोटो मी काढत नाही आणि कुणी काढताना दिसला तर भांडतो. तुमच्या पेजवरही असे दोन होते, मागच्या जूनमधले. ते आज पेजवरून काढून टाका. फोटोग्राफरची परवानगी असली तरी काढून टाका.

त्या फोटोग्राफरला काय लिहायचं तेही विचारलंत. आधी फोटो पेजवरून काढून टाका, मग लिहा, उलट क्रमाने नको. असं काहीसं : ‘तुमचा दिवे घाटातला फोटो न विचारता वापरला आणि तुमचं नाव कापलं. फोटो पेजवरून काढून टाकला आहे. तुमची हरकत नसेल तर तुमच्या मूळ पोस्टचा दुवा देऊन, तुमचं नाव लिहून पेजवर चूक कबूल करतो.’ सेवा, भक्ती, आम्ही छोटी माणसं यांपैकी काहीही त्यात घालू नका. तोही त्या दिवशी अनवाणीच चढला असेल, सांगता येत नाही. बहुतेक तो ‘ठीक आहे माउली’ एवढंच लिहील. त्याने रिपोर्टची धमकी दिली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, त्याने आधी विचारलं तरी. पुष्कळ जण थेट रिपोर्ट करतात आणि पेजला फटका बसतो. दोन-चार वेळा झालं तर पेज बंदही पडू शकतं.

आणि तुम्हाला आमच्या फोटोंची इतकी गरज का पडते हे मला खरंच कळत नाही. घाटाच्या वरून दिसणारी वारी आम्ही काढतो, तिथे आमची गर्दी आहे. पहाटे चारला तंबूत दिवा लागतो तो, पायाच्या फोडांना सुई-दोरा लावतात तो, भाकरीच्या चुलीचा, हरवलेल्या चपलेचा, हे आम्हाला मिळत नाही, कारण आम्ही दिंडीत चालत नाही. तुमच्या दिंडीत एखादा पोरगा मोबाईलवर दिवसभर हेच काढत असतो. त्याला विचारा, आणि तो हो म्हणाला की त्याचे टाका, त्याच्या नावासकट.

पुढच्या ज्येष्ठात मी घाटात असेनच. वरून दुसरं वळण, निळा रेनकोट. चहा घेऊन या, बिनसाखरेचा.